आमच्या धुराचा रकाना फॉर्ममधे कुठे आहे?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दम्यावर, प्रदूषणावर बातम्या येत असतात, हिवाळा लागला की जास्तच येतात, पण एका गोष्टीवर कोणी लिहिताना दिसत नाही म्हणून हे पत्र. आजकाल आमच्यासारख्या फेफड्याच्या जुन्या पेशंटला मोबाईलवर लिंक येतात, की या संशोधनात भाग घ्या, फॉर्म भरा, तुमचा श्वास कसा आहे ते दर काही महिन्यांनी कळवा. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ओपीडीच्या लाईनमधे ओळख झालेल्या लोकांचा, त्यात अशी लिंक आली की लगेच दोन तट पडतात. एक जण म्हणतो फ्रॉड आहे, हात लावू नका, बँकेचं खातं साफ होऊन जाईल. दुसरा काहीच न वाचता भराभर टिक मारून मोकळा होतो आणि वरून विचारतो, "यात आपल्याला भेटते काय?"

मला दोघांचंही पटत नाही. मी असे फॉर्म भरते आणि माझं मत आहे की आपण भाग घ्यायलाच पाहिजे, नागपूर आणि आजूबाजूच्या लोकांनी तर जास्तच घ्यायला पाहिजे. पण ज्यांनी हे फॉर्म बनवले त्यांना आमच्या घरातला धूर माहीत नाही, आणि तो जोपर्यंत विचारला जात नाही तोपर्यंत आमचं फेफडं त्यांच्या हिशोबात भलत्याच खात्यात पडत राहणार.

मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या आखडण्याचा फेफड्याचा जुना आजार. बिडी सिगारेट कधी ओढली नाही, घरातही कोणी ओढत नव्हतं. लहानपण काटोलकडचं, चुलीत पऱ्हाट्या आणि गोवऱ्या, पावसाळ्यात सगळं ओलं असलं की फुंकणी घेऊन डोळ्यातून पाणी येईपर्यंत फुंकत बसायचं. लग्न होऊन नागपूरला आली, मेडिकल चौकाजवळ मेस चालवली, आधी कोळशाची भट्टी, मग घासलेटचा स्टोव्ह, गॅसचं मोठं सिलेंडर फार उशिरा आलं. मेडिकलचे, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचे, पोट्टे माझ्याकडे जेवायचे, त्यातले काही आता कुठेकुठे मोठे छातीचे डॉक्टर असतील. पीएफटी केली, म्हणजे ती कॉम्प्युटरवर जोरात फुंकायची टेस्ट, तेव्हा कळलं की श्वासाच्या नळ्या आखडल्या आहेत आणि पंप घेऊनही पूर्ण मोकळ्या होत नाहीत. सीओपीडी म्हणायला तोच पुरावा असतो, पंप दिल्यावरही पहिल्या एका सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली पाहिजे. नुसता खोकला आहे म्हणून सीओपीडी होत नाही, हे पण लोकांनी समजून घ्यावं.

तर ऑनलाइन संशोधन म्हणजे काय हे आधी साध्या भाषेत सांगते, कारण अर्धी भीती न समजल्यामुळे आहे. यात कोणी औषध पाठवत नाही, सुई टोचत नाही. पहिल्या पानावर संमती असते, त्यात लिहिलेलं असतं की माहिती कशासाठी घेऊन राहिलो, कोण पाहणार, कधी नको वाटलं तर बाहेर कसं पडायचं. मग प्रश्न. वय, वजन, कोणते पंप चालू आहेत, मागच्या वर्षात किती वेळा ॲडमिट झालात, दम किती लागतो. दमाची एक पट्टी आहे ० ते ४ ची, ० म्हणजे जोराची मेहनत केली तरच दम लागतो आणि ४ म्हणजे कपडे बदलतानाही दम लागतो, घराबाहेर पडणं होत नाही. दुसरी एक आठ प्रश्नांची असते, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, एकूण ४०, आणि इथं जास्त मार्क म्हणजे वाईट, हे माझ्या एका मैत्रिणीला शेवटपर्यंत पटलं नाही, ती म्हणायची कमी मार्क कायले घेऊ. काही महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न येतात. हजारो लोकांची अशी उत्तरं जमली की त्याची एक मोठी वही तयार होते, तिला रजिस्ट्री म्हणतात, आणि पुढे नवीन औषधाची किंवा व्यायामाची चाचणी करायची असली की संशोधक त्या वहीतून पाहतात की कोणाला विचारता येईल.

आणि हे आमच्या आजारासाठी फार सोयीचं आहे. ज्याला वाडीवरून मेडिकलला यायचं तर ऑटोत बसेपर्यंतच दम लागतो, मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना ओपीडीच्या लाईनमधे उभं राहायचं, मग वरच्या माळ्यावर जायचं आणि लिफ्ट बंद, अशा माणसाला संशोधनासाठी पुन्हापुन्हा दवाखान्यात बोलावलं तर तो एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. म्हणजे संशोधनात राहतात कोण, तर जे बऱ्यापैकी चालू फिरू शकतात ते. सगळ्यात जास्त ज्याचं ऐकायला पाहिजे तो घरी पलंगावर. घरी बसून मोबाईलवर उत्तर देता आलं तर तो पण मोजला जातो.

"यात आपल्याला भेटते काय" या प्रश्नाचं उत्तर देते. ग्रुपमधे ज्यांच्या घरी ऑक्सिजनची मशीन आहे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं असेल की दिवसातून निदान १५ तास लावा. हा १५ चा आकडा आला कुठून? १९८१ मधे ब्रिटनमधल्या एका अभ्यासातून, त्यात पेशंट होते फक्त ८७. ज्यांना रोज १५ तास ऑक्सिजन दिला त्या ४२ पैकी पाच वर्षात १९ गेले, ज्यांना दिला नाही त्या ४५ पैकी ३० गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८० मधे, अमेरिकेतला अभ्यास छापला होता २०३ लोकांचा, त्यात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे जास्त जगले. एवढ्याशा लोकांनी हो म्हटलं म्हणून आज आपल्या पलंगाजवळ ती मशीन घरघरते आहे. त्या ८७ मधे बाया फक्त २१ होत्या, हे पण लक्षात ठेवा.

मग २०१६ चं घ्या. तेव्हा अमेरिकेत ७३८ पेशंटचा अभ्यास आला, ज्यांचा ऑक्सिजन थोडासाच कमी आहे, बसल्या जागी ८९ ते ९३ टक्के किंवा चालताना मध्यम उतरतो, अशांना घरी ऑक्सिजन लावून आयुष्य वाढतं का किंवा ॲडमिट होणं टळतं का, आणि उत्तर आलं की नाही, फरक पडत नाही. विचार करा, किती घरांनी कर्ज काढून मशीन आणली असेल आणि लाईटबिल भरलं असेल. (आता हे वाचून कोणी आपली मशीन बंद करून ठेवू नका, ज्यांचा ऑक्सिजन फारच खाली असतो त्यांना तो लागतोच, डॉक्टरला विचारा.) या अभ्यासाची आणखी एक गोष्ट अशी की सुरुवातीला ठरवलं होतं त्याच्या मानाने पेशंट फार कमी मिळाले आणि मधेच सगळी आखणी बदलावी लागली. पेशंट मिळत नाहीत हे संशोधनाचं जुनं दुखणं आहे, म्हणून आता ते लोक आपल्या मोबाईलपर्यंत आले.

परदेशात हे काम पेशंटनी स्वतः पण उभं केलं आहे. जॉन वॉल्श नावाचे अमेरिकेतले गृहस्थ होते, त्यांना स्वतःला फेफड्याचा आनुवंशिक आजार होता, त्यांनी १९९५ मधे त्या आजारासाठी एक संस्था काढायला हातभार लावला आणि २००४ मधे सीओपीडी फाउंडेशन काढलं. २०१७ मधे ते गेले. २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सरकारी कायद्यातून निघालेल्या एका संस्थेने संशोधनाची जाळी उभी करायला पैसे दिले, त्यात पेशंटनी चालवायची १८ होती आणि त्यातलं एक सीओपीडीचं होतं. तिथं पेशंट फक्त फॉर्म भरत नाही, कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवायलाही बसतो. माझा जीव तिथं अडकला आहे. आपल्याकडे पेशंटला अजून पुरता रिपोर्ट समजावून सांगत नाहीत, तर प्रश्न ठरवायला कोण बसवणार.

२०१६ मधे भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख लोक होते, १९९० मधे २ कोटी ८१ लाख होते. हे आकडे २०१८ मधे लॅन्सेटच्या एका डॉक्टरी मासिकात आले होते. जगाच्या १८ टक्के लोकसंख्या आपली, आणि श्वासाच्या जुन्या आजारांचा जगातला ३२ टक्के भार आपल्या डोक्यावर. त्याच अभ्यासात असं निघालं की भारतात सीओपीडीच्या भारापैकी ५३.७ टक्के हवेच्या प्रदूषणाच्या खात्यात जातो, त्यात घरातला चुलीचा धूर पण धरला आहे, आणि तंबाखूच्या खात्यात २५.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे चुलीच्या आणि बाहेरच्या धुराचा वाटा तंबाखूच्या दुप्पट. आणि अमेरिकेतला जो फार मोठा अभ्यास आहे, सीओपीडीजीन नावाचा, दहा हजारावर लोकांचा, तो बिडी सिगारेट ओढणाऱ्यांवर बेतलेला, त्यात गोरे आणि आफ्रिकन वंशाचे अमेरिकन लोक घेतले. चांगलंच काम आहे ते, मी नाव ठेवत नाही. पण त्यात काटोलची बाई कुठून येणार.

मी भरलेल्या एका फॉर्ममधे, कोणाचा ते सांगत नाही, सगळ्यात आधी विचारलं की दिवसाला किती सिगारेट आणि किती वर्षं. सिगारेटचा पक्का हिशोब आहे, २० ची एक डबी रोज एक वर्ष ओढली की एक पॅक-इयर. मी शून्य टाकलं. पुढे "इतर कारण" म्हणून एवढीशी चौकट. त्या चौकटीत माझी चूल, मेसची भट्टी, घासलेटचा स्टोव्ह सगळं कोंबायचं. बरं, चुलीसाठी हिशोबच नाही असंही नाही. मेक्सिकोच्या बायांवर १९९६ मधे छापलेल्या अभ्यासात तो वापरला आहे, रोज किती तास चुलीपुढे आणि किती वर्षं, याचा गुणाकार. रोज ४ तास आणि २५ वर्षं म्हणजे १००. इतकं सोपं आहे. ज्या बाईला सही करता येत नाही ती पण बोटावर मोजून सांगेल.

दुसरं म्हणजे टीबी. आमच्याकडे कितीतरी लोकांना आधी टीबी होऊन गेला, कोर्स पूर्ण केला, थुंकी निगेटिव्ह आली आणि तरी दम लागतच राहिला, कारण टीबी बरा झाला तरी फेफड्याची खराबी मागे राहते. ग्रुपमधे असे बरेच जण आहेत. फॉर्ममधे "दमा आहे का, हार्टचा त्रास आहे का" होतं, टीबी कुठंच नव्हतं. आता तर सीओपीडीसाठी जगभर जे मार्गदर्शन पाहतात, गोल्ड नावाचं, त्याच्या २०२३ च्या पुस्तकात कारणाप्रमाणे प्रकार वेगळे केले आहेत, सिगारेटमुळे झालेला एक, चुलीच्या आणि बाहेरच्या धुरामुळे झालेला दुसरा, टीबीसारख्या इन्फेक्शनमुळे झालेला आणखी एक. म्हणजे जगाच्या पुस्तकात आमची नोंद झाली, फॉर्म बनवणाऱ्यापर्यंत पोचली नाही.

हसू येईल अशी पण एक गोष्ट आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधे बनलेली ५० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, जगभर चालते, चांगली मानतात. त्यात श्वासामुळे कोणती कामं जड जातात ते विचारताना गोल्फ खेळणं आहे. माझ्या सुनेने तो प्रश्न मोठ्याने वाचला आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला पंप घ्यावा लागला. साहेब, आम्हाला विचारा, कणीक तिंबताना दम लागतो का, उकिडवं बसून भांडी घासताना लागतो का, पाण्याची गुंडी उचलताना लागतो का, नळाला पाणी आलं की पळत जाता येतं का. पायऱ्या चढण्याचा प्रश्न पण सगळ्यांना लागू नाही, ज्याचं घरच एका खोलीचं आहे तो पायरी चढतच नाही, म्हणजे त्याला त्रास नाही असं नोंदलं जाईल. आणि उन्हाळ्यात विचारा कूलरबद्दल. नागपुरात कूलरशिवाय घर नाही, त्यातली खस दोन दोन वर्षं बदलत नाहीत, पहिल्या दिवशी चालू केला की जो कुबट वास येतो तो आम्हा लोकांना बरोबर कळतो. तो सोसतो की नाही हे मला अजून कोणत्याही फॉर्मने विचारलेलं नाही.

खर्ऱ्याचं पण सांगून टाकते. "तंबाखूचं व्यसन आहे का" असं विचारलं की नागपूरचा माणूस खरं असलं तर हो म्हणेल आणि त्याच्या डोळ्यापुढे खर्रा असेल. खर्रा तोंडात धरतात, त्याने तोंडाचं वाटोळं होतं, पण तो धूर नाही. फॉर्मवाल्याने त्याला ओढणाऱ्यांच्या रांगेत बसवलं की गेला हिशोब. आणि खरंच बिडी ओढणारा फॉर्म भरतो कोणासमोर, तर मुलासमोर. तो म्हणणार, कधीच सोडली.

इथं खरी मेख आहे. मोबाईल कोणाचा आणि टाईप कोण करतं. आमच्या वयाच्या बायांचे फॉर्म मुलगा, सून, नात भरतात. संमतीच्या पानावर "मी वाचलं, मला समजलं" म्हणून टिक मारणारा वेगळाच असतो, आणि ज्याचं फेफडं आहे तो पलंगावरून विचारतो, झालं का? मग प्रश्न येतात. रात्री झोप लागते का, उदास वाटतं का, घरच्यांवर ओझं झालो असं वाटतं का. सून समोर बसली आहे, तिच्याच मोबाईलवर, तिलाच सांगायचं की हो मला ओझं झाल्यासारखं वाटतं? कोणती बाई सांगेल. आणि खोकताना लघवी निसटते हा त्रास किती जणींना आहे, जुना खोकला असला की बरेचदा होतो, पण तो मुलाला सांगून टाईप करून घेणार का. सगळ्या म्हणतात, टाक बेटा ठीक आहे म्हणून. माझी सून चांगली आहे, मी तिला सांगते की हे चार प्रश्न मी वाचते, तू चहा ठेव. पण मला वाचता येतं. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी प्रश्न आवाजात असले पाहिजेत, मराठीत, हिंदीत, पलीकडे गडचिरोलीकडे गोंडीत, आणि उत्तर पण बोलून किंवा बोटाने चित्र दाबून देता आलं पाहिजे. आवाजाच्या मेसेजवर तर आख्खं गाव चालून राहिलं आहे, म्हणजे लोकांना ते जमतं.

दुसरी मेख अशी की आम्ही बरे असतो तेव्हाच फॉर्म भरतो. दम वाढला, कफ पिवळा झाला, ॲडमिट केलं, नेब्युलायझर चालू, अशा वेळी मोबाईलवर "तुमची माहिती भरायची राहिली आहे" असा मेसेज येऊन पडतो, कोण भरणार. घरी आलो, थोडं बरं वाटलं, मग आठवण झाली तर भरतो, आणि तोपर्यंत मार्क पुन्हा बरे. म्हणजे वहीत आमचे फक्त चांगले दिवस जमा होतात. आणि जो त्यातून उठलाच नाही त्याचा रकाना नुसता रिकामा राहतो, त्याला "प्रतिसाद दिला नाही" म्हणतात. आमच्या ग्रुपमधे असं झालेलं आहे, माणूस गेल्यावर कितीतरी दिवस त्याच्या नंबरवर आठवणीचे मेसेज येत राहिले आणि घरच्यांना फार लागलं. म्हणून नाव नोंदवतानाच घरच्या एका माणसाचा नंबर त्या पेशंटला विचारून घ्यावा, आणि मेसेज तुटले की कोणीतरी माणसाने फोन करावा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल पण दोन शब्द, कारण काही फॉर्म त्यातला आकडा मागतात. कोरोनात सगळ्यांच्या घरी तो आला. २०२० च्या डिसेंबरमधे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं की मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताची तपासणी केली तर खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला, असं काळ्या पेशंटमधे ११.७ टक्के वेळा झालं आणि गोऱ्या पेशंटमधे ३.६ टक्के वेळा. म्हणजे कातडीच्या रंगाने आकडा फिरतो. आपल्या विदर्भातल्या उन्हात रापलेल्या बोटांवर तो किती फिरतो हे मोजायला नको का? बोटाला नेलपेंट असेल, हात गार पडला असेल, तरी आकडा चुकतो. तोच आकडा आम्ही विश्वासाने टाईप करतो आणि तो जातो कुठल्याकुठे. मशीन कोणती, बोट कसं होतं, हे पण विचारलं तर त्या आकड्याला काही अर्थ.

आता फ्रॉडची भीती. ती खोटी नाही. "फेफड्याची मोफत तपासणी" म्हणून नंबर घेतात आणि मग पावडरचे डबे विकायला फोन येतात, हे माझ्या ओळखीत झालं आहे. पण ओळखायला फार अवघड नाही. खऱ्या संशोधनात पैसे मागत नाहीत, ओटीपी मागत नाहीत, बँकेचं काहीच विचारत नाहीत, आणि "आजार मुळापासून बरा करू" असं तर कधीच म्हणत नाहीत, कारण सीओपीडी मुळापासून जात नाही, फक्त आवरता येतो. कोणती संस्था, पैसा कोणाचा, कोणत्या एथिक्स कमिटीने (संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे पाहणारी समिती) मंजूर केलं, शंका आली तर कोणाला फोन करायचा, हे पहिल्या पानावर नसलं तर सरळ बंद करा. औषधाची चाचणी असली तर आपल्या देशात सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून, आणि २००९ च्या जूनपासून अशा चाचणीची तिथं नोंद करावीच लागते. ती कोणालाही फुकट पाहता येते, घरातल्या शिकलेल्या पोराला पाच मिनिटं लागतात. औषधाच्या चाचणीत काही बिघडलं तर उपचार आणि भरपाई मिळण्याचे नियम २०१९ चे आहेत. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था, तिच्या २०१७ च्या नियमात लिहून ठेवलं आहे की संमती तुम्हाला समजेल अशा भाषेत पाहिजे आणि तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारात काही फरक पडायला नको.

माहितीच्या बाबतीत मी जास्त सावध आहे. २०२३ मधे वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, पण त्यात संशोधनाच्या कामाला काही अटींवर सूट ठेवली आहे, म्हणून "कायदा आहे ना" म्हणून निश्चिंत राहू नका. माझं नाव आणि माझी उत्तरं वेगवेगळी ठेवणार का, मेडिक्लेमवाल्या कंपनीपर्यंत जाणार नाही ना, परदेशात पाठवणार का, हे विचारायला लाजू नका. मी एकदा ईमेल करून विचारलं, उत्तर आलं नाही, मी तो फॉर्म सोडून दिला. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंचा फोन आला, त्यांनी नीट समजावलं, तिथं मी अजून आहे.

तिथंही एक तक्रार आहेच. आम्ही उत्तरं देतो, मग काय निघालं ते कोणी सांगत नाही. इंग्रजीत कुठेतरी छापून येत असेल. अरे, ज्याच्या श्वासावर लिहिलं त्याला एक पानभर मराठीत कळवा ना, की बा तुमच्या सारख्या इतक्या लोकांनी सांगितलं आणि त्यातून हे समजलं. नाहीतर माणूस दुसऱ्यांदा का भरेल.

नागपूरला हे करणं अवघड आहे असं मला वाटत नाही. मेडिकल आहे, मेयो हॉस्पिटल आहे, एम्स आहे, आणि हवेचा अभ्यास करणारी नीरी १९५८ पासून इथंच आहे. एका बाजूला फेफडे तपासणारे आणि दुसऱ्या बाजूला हवा मोजणारे एकाच शहरात बसले आहेत, असं किती ठिकाणी असतं? कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, कामठीकडच्या कोळशाच्या खाणी, भांडेवाडीच्या कचऱ्याला लागणारी आग, भंडारा गोंदियाच्या राईस मिल आणि बिड्या, वीटभट्ट्या, हे सगळं आपल्याच अंगणात आहे. त्यांनी मिळून मराठीत एक रजिस्ट्री सुरू करावी. पीएफटी झालेलेच लोक घ्यावेत म्हणजे नुसत्या तोंडी सांगण्यावर राहणार नाही, बाकी सगळं मोबाईलवर. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्याकडे आशाताईंना मानधन देऊन पाठवा, फुकट राबवू नका, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. आमचा भाग सांगितला की त्या दिवशी तिथली हवा कशी होती हे नीरीवाल्यांना माहीत असेलच, मग जोडून पाहता येईल की कोणत्या आठवड्यात कोणाचा दम वाढला.

आणि त्याच रजिस्ट्रीतून व्यायामाचं पण पाहता येईल. फेफड्याचा व्यायाम शिकवणारे केंद्र किती आणि तिथं पोचणारे किती, पण २०२१ मधे १५ अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं, १९०४ लोकांचे, त्यात फोनवर, व्हिडिओवर किंवा इंटरनेटवरून घरी करून घेतलेला व्यायाम दवाखान्यात जाऊन केलेल्या व्यायामासारखाच लागू पडला. हे नागपुरात करून पाहायला कोणाची हरकत असणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा निघतो तेव्हा आपण सगळे ओरडतो, खासी खोकला घेऊन जाय गे मारबत. ती नेते की नाही हे मोजणारं पण कोणी असावं, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याला विनंती की नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिवस असतो, त्या दिवशी नेहमीचा "धूम्रपान टाळा" वाला लेख छापण्याऐवजी अशा संशोधनात भाग कसा घ्यायचा, संमतीच्या पानावर काय पाहायचं, हे छापा. आणि मेडिकल, मेयो, एम्स आणि नीरीच्या लोकांना आपल्या पेपरातर्फे विचारा की असं काही करायला बसणार आहात का. बसले तर प्रश्न ठरवायला चुलीपुढे बसलेल्या बाया, वीटभट्टीवाले, टीबी होऊन गेलेले लोक यांना पण बोलवा. खालच्या माळ्यावरची खोली घ्या, आणि दुपारी तीननंतर ठेवा. सकाळी आमचा कफ सुटायचा असतो, सकाळी आम्हाला बोलता येत नाही.

आपली वाचक,
सीओपीडीची एक पेशंट, मानेवाडा, नागपूर